वैद्यापुढें काय बोलावें?

कुकडीच्या धरणाकांठच्या येडगांवाहून आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. अक्षर नेटकें, भाषा सभ्य. परंतु मुख्य गोष्ट जवळ येतांच लेखणी अडखळली आहे आणि 'तेथें', 'त्या जागीं', 'तसलें कांहीं' अशा शब्दांवर वाक्यें कशीबशीं पुरीं झालीं आहेत. बाईंची तिशी उलटून गेली आहे, दोन बाळंतपणें झालीं आहेत. कोणी तरी मोबाईलवर एक जाहिरात दाखविली, पुढें एके दिवशीं यजमानांच्या तोंडून थट्टेंत एक शब्द निघून गेला, आणि तो शब्द मनांत रुतून बसला. आतां पुण्याच्या एका दवाखान्यांत पुढील महिन्याची वेळ ठरली आहे. गुह्यांगाचें रूप पालटणारी शस्त्रक्रिया करावी कीं करूं नये, हें त्यांनीं आम्हांला विचारलेलेंच नाहीं. त्यांचा प्रश्न एवढाच कीं, "डॉक्टरांपुढें बसल्यावर मीं बोलावें काय?"

ओळख पटेल असा मजकूर गाळून या महिन्याची आमची सर्व जागा आम्ही या एका प्रश्नाला देत आहों. ज्या घरांत हें सदर सर्वांसमक्ष वाचून दाखविण्याची चाल आहे, त्या घरांत आजचें सदरहि तसेंच वाचावें, अशी विनंती आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें मूळ खोल आहे. आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं १८८३ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें जें भाषण केलें, त्यांत हेंच सांगितलें होतें कीं, या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याजवळ आपलें दुखणें उघड करीत नाहींत. यास्तव स्त्री-वैद्य हव्यात. तीनच वर्षांनीं, १८८६ मध्यें, मुंबईस स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय निघालें. १९२७ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून वाचकांच्या असल्या प्रश्नांना उघड छापील उत्तरें देण्यास आरंभ केला, आणि त्यापायीं न्यायालयाच्या पायऱ्या चढून दंडहि भरला. आज तालुक्याच्या गांवीं स्त्री डॉक्टर आहेत आणि नारायणगांवापर्यंत जाण्यास कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं. तरी शब्द मात्र अजून मिळालेले नाहींत. आपल्या भाषेंत या अवयवांसाठीं एक शब्द शिवीचा आहे आणि दुसरा वैद्यक ग्रंथांतला. आईनें मुलीशीं स्वयंपाकघरांत बसून बोलावा असा मधला शब्द आपण तयारच केला नाहीं. मग बाई डॉक्टरांपुढें म्हणते, "खालीं त्रास आहे", आणि उरलेलें वाक्य डॉक्टर आपल्या समजुतीनें पुरें करतात. समोर जर सौंदर्यशस्त्रक्रिया करणारा मनुष्य असेल, तर तें वाक्य कोणत्या दिशेनें पुरें होईल, हें सांगावयास नको.

म्हणून पहिली तयारी शब्दांची. बाहेरचे दोन जाड ओठ म्हणजे बृहद्भगोष्ठ; त्यांच्या आंतील पातळ, सुरकुतलेले, तें लघुभगोष्ठ. त्यांच्या वरच्या टोकाशीं शिश्निका, खालीं मूत्रद्वार, त्याखालीं योनिमार्गाचें तोंड, आणि त्या तोंडाशीं असलेली पातळ त्वचेची कडा म्हणजे योनिपटल. योनी व गुद यांच्या मधल्या भागावर बाळंतपणांत चीर पडते आणि टांके घालतात. जाहिरातींतल्या इंग्रजी नांवांचा उलगडा यावरून होतो: लेबियाप्लास्टी म्हणजे लघुभगोष्ठ कापून लहान करणें, व्हजायनोप्लास्टी म्हणजे योनिमार्ग आवळून घेणें, हायमेनोप्लास्टी म्हणजे योनिपटल शिवणें. एखादीस हे शब्द मोठ्यानें उच्चारवत नसतील, तर कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा. त्यांत कमीपणा नाहीं. हातांत आरसा घेऊन आपलें शरीर स्वतः एकदां पाहावें, हेंहि आम्ही आग्रहानें सांगूं. आपल्या घराचा नकाशा ठाऊक नसतां गवंड्याला भिंत पाडावयास बोलावणें कोणी शहाणपणाचें म्हणेल काय?

आरशांत पाहिल्यावर बहुतेकींना वाटतें कीं, आपलेंच कांहीं तरी निराळें आहे. एक बाजू लांब, एक आंखूड, रंग सांवळा, कडा बाहेर डोकावणाऱ्या. २००५ सालीं लंडनच्या डॉक्टरांनीं पन्नास स्त्रियांचीं मापें घेऊन प्रसिद्ध केलीं. या कोणी असल्या तक्रारीसाठीं आलेल्या स्त्रिया नव्हत्या. त्यांच्या लघुभगोष्ठांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत आढळली. म्हणजे एकीचें माप दुसरीच्या सातपट, आणि दोघी सारख्याच निरोगी. ब्रायटनचे शिल्पकार जेमी मॅकार्टनी यांनीं तर ४०० स्त्रियांच्या या अवयवांचे साचे घेऊन ते शेजारीं शेजारीं भिंतीवर मांडले. त्यांत एकासारखा दुसरा नाहीं. रंगाचेंहि तसेंच. तारुण्यांत, गरोदरपणीं आणि वयाबरोबर ही त्वचा काळवंडते. तो रोग नव्हे आणि मळहि नव्हे. जाहिरातींत आणि चित्रफितींत जें गुळगुळीत, गुलाबी रूप दाखवितात, तें पुष्कळदां निवडलेलें व यंत्रावर घासूनपुसून काढलेलें असतें. पूर्वीं स्त्रिया आपल्या साडीचा पोत शेजारणीच्या साडीशीं ताडून पाहात. आतां शरीराचा पोत परदेशांतील अनोळखी चित्राशीं ताडूं लागल्या आहेत.

याचा अर्थ असा मुळींच नव्हे कीं, बाईची प्रत्येक तक्रार मनाचा खेळ आहे. असें म्हणणारे लोक आमच्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्यामुळें कित्येकींनीं वर्षानुवर्षे दुखणीं अंगावर काढलीं आहेत. म्हणूनच वहीचें एक पान घ्यावें आणि दुखतें काय व खुपतें काय, हें निरनिराळें लिहावें. सायकलवर किंवा स्कूटरवर बसतांना त्वचा ओढली जाते काय? घट्ट कपड्यानें घांसून चट्टे पडतात काय? संबंधाच्या वेळीं दुखतें, तें तोंडाशीं कीं आंत खोल? बाळंतपणाच्या टांक्यांची जागा अजून ओढल्यासारखी वाटते काय? खोकतांना, शिंकतांना, पाण्याचा हंडा उचलतांना लघवीचे थेंब जातात काय? दिवस कलला कीं खालीं जड वाटून कांहीं तरी बाहेर येतें, ज्याला आपल्या बायका 'अंग बाहेर येणें' म्हणतात, तसें आहे काय? खाज आहे, अंगावरून पांढरें जातें, कातडीवर पांढुरके डाग पडले आहेत?

ह्या सर्व खऱ्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचा उपाय सौंदर्यशस्त्रक्रिया हा नाहीं. खाज वारंवार येत असेल तर आधीं रक्तांतील साखर पाहावी लागते. पांढुरके डाग हा त्वचेचा निराळा रोग असूं शकतो. त्याला मलम लागतें आणि त्यावर पुढें लक्षहि ठेवावें लागतें. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा डॉक्टरांनीं दिलेल्या मलमानें कमी होतो. लघवीचे थेंब जाणें आणि अंग थोडें खालीं येणें यांवर कटिभागाच्या स्नायूंचा व्यायाम, आधार देणारी रबरी कडी, आणि तेवढ्यानें न भागल्यास रीतसर शस्त्रक्रिया, असे उपाय स्त्रीरोगतज्ज्ञाकडे असतात. हें दुखणें असतांना कोणी नुसता योनिमार्ग आवळून दिला, तर खर्चहि झाला आणि दुखणेंहि तेथेंच राहिलें. उलट, लघुभगोष्ठ खरोखरच इतके मोठे असतील कीं बसतां-उठतां, चालतां-फिरतां त्रास व्हावा, तर ते कमी करून घेणाऱ्या स्त्रीला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पहिली भेट स्त्रीरोगतज्ज्ञाची असावी, सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दवाखान्याची नसावी. पुण्याच्या ससून रुग्णालयांत स्त्रीरोग आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत. तेथें गर्दी असते हें खरें, पण शस्त्रक्रिया विकण्याची घाई कोणाला नसते.

त्याच पानावर आणखी एक ओळ लिहावयाची आहे, आणि ती लिहिणें सर्वांत अवघड आहे. ही तक्रार प्रथम कोणी काढली? आपल्याला खुपूं लागलें तें यजमानांच्या बोलण्यापूर्वीं कीं बोलण्यानंतर? चित्र पाहण्यापूर्वीं कीं पाहिल्यानंतर? नवऱ्याच्या एका थट्टेनें जी जखम झाली आहे, ती त्याच्याशीं बोलून भरण्यासारखी आहे काय, याचा विचार शस्त्रापूर्वीं व्हावा. शस्त्रानें त्वचा कापली जाते. शब्द कापला जात नाहीं.

येथें पुण्याचीच एक जुनी हकीकत आठवते. इंग्रजी फौजेच्या बैलांचा हाकारा कावसजी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातींतल्या एका कारागिरानें कपाळाच्या कातड्याचें नवें नाक त्याला बसवून दिलें. ती हकीकत १७९४ सालीं लंडनच्या मासिकांत छापून आली आणि युरोपांतील शस्त्रवैद्यांनीं ती विद्या उचलली. गेलेलें नाक परत आणण्यासाठीं जी विद्या पुण्याहून जगांत गेली, तीच आज धड असलेला अवयव लहान करण्यासाठीं जाहिरात होऊन पुण्यास परत येत आहे, हा योगायोग चमत्कारिक खरा.

योनिपटल शिवण्याच्या शस्त्रक्रियेविषयीं मात्र आम्ही मध्यम मार्ग सांगूं शकत नाहीं. लग्नाआधीं मुलीचें कौमार्य पडद्यावरून ओळखतां येतें, ही समजूत समूळ खोटी आहे. तें पटल कोणाचें जाड, कोणाचें पातळ, कोणाचें जन्मतःच नाममात्र असतें; पहिल्या रात्रीं रक्त येणें वा न येणें यावरून कांहींएक सिद्ध होत नाहीं. २०१८ सालीं पिंपरीकडील कंजारभाट समाजांतील तरुण मुलामुलींनींच आपल्या जातीतील कौमार्यपरीक्षेविरुद्ध आवाज उठविला. मार झाला, बहिष्कार झाला, तरी ते हटले नाहींत. पुढील वर्षीं ही परीक्षा लैंगिक अत्याचार समजून शिक्षापात्र ठरविण्याची घोषणा राज्य सरकारनें केली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं वैद्यकाच्या पाठ्यक्रमांत शिरून बसलेली हीच खोटी समजूत बाहेर काढण्यासाठीं चिकाटीनें पाठपुरावा केला, आणि २०१९ मध्यें नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठानें तो भाग गाळला. ब्रिटनमध्यें २०२२ च्या कायद्यानें ही शस्त्रक्रिया करणें गुन्हा ठरलें आहे. सुशिक्षित घरांतून अशी परीक्षा होत नाहीं असें म्हणून निश्चिंत राहूं नये. चादर पाहणारे डोळे सुशिक्षितांतहि असतात, ते बोलत नाहींत एवढेंच. ज्या आईला आपल्या मुलीसाठीं अशा शस्त्रक्रियेचा विचार सुचला असेल, तिनें आधीं हा विचार करावा कीं आपण कोणत्या घरीं मुलगी देत आहों.

अठरा वर्षांखालील मुलींच्या बाबतींत तर घाई नकोच. त्या वयांत हे अवयव वाढत असतात आणि दोन्ही बाजू सारख्या वेगानें वाढत नाहींत. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं हेंच सांगितलें. अमेरिकेंतील तशाच संस्थेनें २००७ सालीं व पुन्हां २०२० सालीं आपलें मत छापलें, कीं रूपासाठीं केलेल्या या शस्त्रक्रियांच्या फायद्याचा व निर्धोकपणाचा भक्कम पुरावा नाहीं. 'एका दिवसांत, कापाकापीशिवाय' असें म्हणून लेझर किंवा तत्सम यंत्रानें योनिमार्ग तरुण करून देण्याच्या जाहिराती येतात. त्यांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें जुलै २०१८ मध्यें इशारा दिला आहे, कारण भाजणें, व्रण राहणें आणि कायमचें दुखणें असे प्रकार आढळले.

आतां प्रत्यक्ष भेटीविषयीं. पाळीचे दिवस टाळून वेळ घ्यावी. तपासणीपूर्वीं केंस काढण्याची किंवा आंत धुण्याची गरज नाहीं. उलट धुण्यानें रोगाच्या खुणा नाहींशा होतात. मागील बाळंतपणांचे कागद, चालूं असलेल्या गोळ्या, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीची एखादी ॲलर्जी, हें सर्व लिहून न्यावें. रक्त पातळ करणारी गोळी चालूं असेल तर ती सांगावी. पण मनानें बंद करूं नये. आणि मिश्री लावण्याची संवय असेल तर लाज न बाळगतां सांगावी. जुन्नर-आंबेगांवाकडे ही संवय चांगल्या घरांतूनहि आहे. तो तंबाखूच आहे आणि तंबाखूनें जखम भरावयास उशीर लागतो. सोबतीला बहीण किंवा मैत्रीण न्यावी. यजमान आले तरी हरकत नाहीं, पण दहा मिनिटें एकटीनें बोलूं द्यावें असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. तपासणीच्या वेळीं खोलींत स्त्री परिचारिका असावी, हें मागणें रास्त आहे. 'आधीचा व नंतरचा' फोटो घेणार असतील तर तो कोणाच्या मोबाईलवर राहणार आणि कोठें दाखविणार, हें आधीं विचारावें. नको असेल तर नको म्हणावें.

डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न पुष्कळ आहेत, पण आमच्या मतें पहिला प्रश्न असा असावा: "मीं कांहींच केलें नाहीं तर काय होईल?" ज्या डॉक्टरांना याचें शांत उत्तर देतां येतें, त्यांच्याकडे पुढें बसावें. त्यानंतर शिक्षण कोणतें, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे काय, ही नेमकी शस्त्रक्रिया आपण स्वतः किती वेळां केली, पुन्हां करण्याची पाळी कितीजणींवर आली, हें विचारावें. रक्तस्राव, जंतूंचा संसर्ग, टांके उसवणें, जाड व्रण, संबंधाच्या वेळीं दुखणें आणि संवेदना कमी होणें, हे धोके त्यांनीं न विचारतां सांगावयास हवेत. न सांगितल्यास विचारावे. शेवटचा धोका सहसा कोणी बोलत नाहीं. लघुभगोष्ठांत मज्जातंतू पुष्कळ असतात. ते कापल्यावर जोडून मिळत नाहींत. पुढें मूल हवें असेल तर योनिमार्ग आवळण्याची शस्त्रक्रिया बाळंतपणांत फुकट जाऊं शकते. खर्चाचा आंकडा भूल, औषधें व पुढील भेटी धरून लेखी घ्यावा. कारण केवळ रूपासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा देत नाहीं.

येडगांवच्या बाईनें आणखी एक गोष्ट हिशेबांत धरावी. पुणें तेथून सुमारें पाऊणशें किलोमीटर आहे. रात्रीं दोन वाजतां रक्तस्राव सुरू झाला तर फोन कोण उचलणार, आणि नारायणगांवांत कोणाकडे जावयाचें, हें ठरल्याशिवाय तारीख घेऊं नये. पहिले कांहीं दिवस सूज असते, बसणें जड जातें. दुचाकी, उकिडवें बसून निंदणी-खुरपणी, टोमॅटोची तोडणी, कांद्याच्या राशी हें सर्व कित्येक आठवडे बंद. संबंधहि सुमारें सहा आठवडे वर्ज्य. हंगामाच्या दिवसांत घर व शेत कोण सांभाळील, याचें उत्तर जर "मीच" असें असेल, तर ती शस्त्रक्रिया त्या महिन्यांत होऊं नये. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर स्त्रियांची हकीकत २०१९ सालीं महाराष्ट्रानें वाचली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढें आलेल्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, आणि त्यांत चाळिशीच्या आंतल्या कित्येक होत्या. तें दुखणें निराळें आणि त्यांची गरिबी निराळी. परंतु बाईच्या अडाणीपणाचा व भीतीचा शस्त्राशीं कसा संबंध जुळतो, तें त्यावरून कळतें.

राहतां राहिला सहीचा कागद. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २००८ रोजीं निकाल दिला. दुर्बिणीनें तपासणी करण्यास रुग्ण स्त्रीनें संमति दिली होती. ती भुलेखालीं असतां बाहेर बसलेल्या आईची संमति घेऊन गर्भाशय व अंडाशय काढण्यांत आले. न्यायालयानें सांगितलें कीं, सज्ञान व शुद्धीवर येऊं शकणाऱ्या रुग्णाची संमति तिची स्वतःचीच हवी. प्राणावर बेतलें नसतां दुसऱ्या कोणाची सही तिची जागा घेऊं शकत नाहीं. आणि शस्त्रक्रिया कोणती, कशासाठीं, पर्याय कोणते, धोके कोणते, हें समजावून दिल्याशिवाय घेतलेली संमति खरी संमति नव्हे. म्हणून यजमानांची सही आहे, सासूबाईंची संमति आहे, यांवर कोणाचें समाधान होऊं देऊं नये. कागद मराठींत मागावा; नसेल तर वाचून अर्थ सांगावयास लावावा. त्यावर शस्त्रक्रियेचें नेमकें नांव व कोणता भाग किती कापणार हें लिहिलेलें असावें, आणि 'आवश्यक वाटल्यास आणखी कांहीं' अशी मोकळी ओळ असेल तर तिचा अर्थ काय, हें विचारल्यावांचून खालीं सही करूं नये. पहिल्या भेटींत सही करण्याचें कारणच नाहीं. कागद घडी करून पिशवींत ठेवावा, नारायणगांवची एस. टी. धरावी, आणि घरीं आल्यावर दिव्याखालीं बसून तो पुन्हां एकदां वाचावा.